रग्बी कसोटीमागचा पैसा कसा वाचावा

आंतरराष्ट्रीय रग्बी युनियनचा सामना जाहीर होतो तेव्हा आपल्याला तारीख, मैदान, संघ आणि तो कुठल्या वाहिनीवर दिसणार एवढेच कळते. या चारही गोष्टी ठरवताना पैशाची ओढाताण झालेली असते. ती ओढाताण ओळखता आली, की बऱ्याच कोड्यांचा उलगडा होतो: फ्रान्स दुय्यम संघ घेऊन न्यूझीलंडला का गेला, वेल्स घरच्या मैदानावर अर्ध्या ताकदीने का उतरला, फिजीचा घरचा सामना लिव्हरपूलमध्ये का. ही ओळख कशी करायची, कुठला आकडा आधी पाहायचा आणि अंदाज कुठे चुकतो, ते पुढे दिले आहे.

आधी मिळकतीचा पाया समजून घ्या

रग्बी युनियन २६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिसमध्ये अधिकृतपणे व्यावसायिक झाली. पण पैशाने आधीच दार उघडले होते. त्याच वर्षी जूनमध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या तोंडावर, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांच्या युनियननी (युनियन म्हणजे देशातली रग्बी चालवणारी संस्था) न्यूज कॉर्पोरेशनशी १० वर्षांसाठी ५५ कोटी ५० लाख अमेरिकी डॉलरचा प्रक्षेपण करार केला होता. खेळाडूंना उघड पगार देण्याचा निर्णय त्यानंतर दोन महिन्यांनी आला. आधी प्रक्षेपणाचा करार आणि मग खेळाचे नियम, हा क्रम लक्षात ठेवा. पुढच्या ३० वर्षांत तो वारंवार दिसतो.

राष्ट्रीय युनियनची कमाई वर्षातल्या मोजक्या दिवसांवर उभी असते. सिक्स नेशन्समध्ये (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली यांची वार्षिक स्पर्धा) एका संघाला एका वर्षी दोन आणि पुढच्या वर्षी तीन घरचे सामने मिळतात. नोव्हेंबरात आणखी तीन-चार. त्या पाच-सात दिवसांची तिकिटे, पाहुण्यांच्या कक्षांची विक्री, प्रक्षेपण हक्क आणि प्रायोजक यांवर वर्षभराचा डोलारा चालतो: महिला संघ, वयोगटांचे संघ, पंचांचे प्रशिक्षण, गावोगावच्या क्लबांची अनुदाने, वैद्यकीय कर्मचारी.

एका सामन्याचे वजन किती, हे कळण्यासाठी सोपा हिशेब मांडा. लंडनच्या ट्विकनहॅममध्ये, इंग्लंडच्या घरच्या मैदानावर, ८२,००० प्रेक्षक बसतात. सरासरी तिकीट १०० पौंडांचे धरले (हा आकडा केवळ उदाहरणापुरता) तर नुसत्या तिकिटांचे ८२ लाख पौंड होतात. खाणेपिणे, पाहुणचार आणि प्रक्षेपण यात धरलेले नाही. त्यामुळे नोव्हेंबरात एक सामना वाढवण्याचा मोह प्रत्येक युनियनला होतो. खेळाडूंच्या शरीराचा विचार करणारे लोक त्या बैठकीत असतातच, पण वर्षाचा खर्च भागवायची जबाबदारी त्यांच्यावर नसते.

तारखेपासून सुरुवात करा

सामना पाहण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही तारीख आंतरराष्ट्रीय विंडोच्या, म्हणजे देशांच्या सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या काळाच्या, आत आहे की बाहेर?

वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियम ९ प्रमाणे ठरावीक काळात क्लबांना खेळाडू राष्ट्रीय संघाला सोडावेच लागतात. विश्वचषक, सिक्स नेशन्स, रग्बी चॅम्पियनशिप (न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना यांची स्पर्धा), जुलैचे आणि नोव्हेंबरचे आठवडे या काळात येतात. त्याबाहेर सामना ठेवायला युनियन मोकळी आहे, पण खेळाडू सोडायला क्लब बांधील नाही. म्हणजे तिकिटे पूर्ण दराने विकली जातात आणि संघ अपुरा उतरतो.

२९ नोव्हेंबर २०२५ रोजी कार्डिफमध्ये वेल्सने दक्षिण आफ्रिकेशी विंडोबाहेर सामना खेळला. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या क्लबांकडून खेळणारे वेल्सचे खेळाडू उपलब्ध नव्हते. पाहुण्यांनाही परदेशी क्लबांतले बरेच खेळाडू मिळाले नाहीत, पण त्यांच्याकडे राखीव ताकद भरपूर. निकाल ०–७३. या आकड्यावरून प्रशिक्षकाची परीक्षा करणे चूक आहे. परीक्षा करायचीच असेल, तर तो सामना त्या तारखेला ठेवण्याच्या निर्णयाची करा.

तारीख तपासताना हे क्रमाने पाहा. त्या आठवड्यात इंग्लंडची प्रीमियरशिप किंवा फ्रान्सची टॉप १४ ही क्लब स्पर्धा चालू आहे का? चालू असेल, तर दोन्ही संघांतले किती खेळाडू त्या स्पर्धांत आहेत ते मोजा. मग त्या देशाच्या घरच्या संघांची मालकी कुणाकडे ते पाहा. आयर्लंडचे चारही प्रांतिक संघ युनियनच्या हाताखाली आहेत आणि प्रमुख खेळाडूंशी युनियन थेट करार करते, त्यामुळे विंडोबाहेरचा सामना त्यांना फारसा जड जात नाही. वेल्स आणि स्कॉटलंडचे बरेच खेळाडू परदेशी क्लबांत असतात. त्यांना तो सगळ्यात जास्त जड जातो. शेवटी पाहुण्या युनियनला काय मिळते ते शोधा. विंडोच्या आत यजमान तिकिटांचे पैसे ठेवतो आणि पाहुण्यांना परतफेड म्हणून आपल्या घरचा सामना मिळतो. विंडोबाहेर पाहुणे वेगळे शुल्क मागतात, आणि अशा सामन्याला दोघेही तयार का होतात याचे उत्तर त्या शुल्कात सापडते.

विश्रांतीचे आठवडेही याच नजरेने मोजा. सिक्स नेशन्सच्या पाच फेऱ्या अनेक वर्षे सात आठवड्यांत खेळल्या जात, मध्ये दोन आठवडे मोकळे असत. २०२६ मध्ये ती सहा आठवड्यांत बसवली गेली आणि एकच मोकळा आठवडा उरला. पहिला सामना, फ्रान्स विरुद्ध आयर्लंड, ५ फेब्रुवारीला म्हणजे गुरुवारी झाला, कारण दुसऱ्या दिवशी हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन होते. एक मोकळा आठवडा गेला की त्याचा फटका आधी पहिल्या फळीला, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून रेटतात तेव्हा) सगळ्यात पुढे असणाऱ्या तिघांना, बसतो. प्रॉप आणि हुकर यांच्या मानेला आणि खांद्यांना स्क्रमचा जो भार पडतो, तो भरून यायला दिवस लागतात, आणि या जागी खेळणारे तयार खेळाडू प्रत्येक देशात मोजकेच असतात. अशा वेळी चौथ्या-पाचव्या फेरीत राखीव प्रॉप कोण आहे, ते कर्णधाराच्या नावाइतकेच काळजीपूर्वक वाचा.

मैदान कुणाचे, हे नावावरून ठरवू नका

कागदावरचा यजमान आणि प्रत्यक्ष मैदान यांची आता फारकत होऊ लागली आहे. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी अर्जेंटिनाचा दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा घरचा सामना लंडनला, ट्विकनहॅममध्ये झाला. अर्जेंटिना २७–२९ असा हरला. आयर्लंड आणि न्यूझीलंड २०१६ मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर खेळले (आयर्लंडचा न्यूझीलंडवरचा पहिला विजय, ४०–२९), आणि २०२५ मध्ये पुन्हा तिथेच. फिजीचे जुलै २०२६ चे घरचे सामने कार्डिफ, लिव्हरपूल आणि एडिनबरामध्ये ठेवले गेले, समोर अनुक्रमे वेल्स, इंग्लंड आणि स्कॉटलंड.

अशा सामन्यासाठी दोन रकाने मांडा. एका बाजूला घरच्या मैदानावर किती तिकिटे कोणत्या दराने विकली गेली असती, आणि दुसऱ्या बाजूला परदेशी आयोजकाने दिलेली हमी, अधिक प्रक्षेपणाची सोयीची वेळ. फिजीसारख्या युनियनसाठी दुसरा रकाना इतका जड असतो, की नाही म्हणणे अवघड. पण पहिल्या रकान्यात एक गोष्ट पैशात मांडता येत नाही. फिजीची राजधानी सुव्हाच्या दमट दुपारी, घरच्या गर्दीसमोर युरोपातल्या संघाला दमवण्याची संधी फिजीने सोडून दिलेली असते. स्पर्धेच्या गुणतक्त्यात ती दिसते, ताळेबंदात दिसत नाही. लहान देशांकडून त्यांचे घरचे मैदान विकत घेणे हा या सगळ्या बदलांतला सर्वांत अन्यायाचा भाग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट बाजूची आठवणही ठेवा. न्यूझीलंडचा संघ सामोआच्या भूमीवर पहिल्यांदा खेळला तो जुलै २०१५ मध्ये, अपियात. इतकी वर्षे तो तिथे गेला नव्हता, कारण त्या दौऱ्यातून कमाई होत नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सामोआ ट्विकनहॅमला खेळायला आला तेव्हा त्याच्या युनियनची तिजोरी रिकामी होती. भरलेल्या मैदानाच्या कमाईत पाहुण्यांचा हक्काचा वाटा नसतो, म्हणून इंग्लंडच्या युनियनने सद्भावना म्हणून ७५,००० पौंड दिले. हक्क आणि सद्भावना यांतला हा फरक कराराच्या कागदावरच बदलू शकतो, दुसरीकडे कुठे नाही.

युनियनचा वार्षिक हिशेब वाचताना

बहुतेक मोठ्या युनियन वार्षिक अहवाल जाहीर करतात. तो उघडल्यावर नफा-तोट्याची ओळ शोधण्याआधी वर्ष पाहा. रग्बीचा हिशेब चार वर्षांच्या चक्रात चालतो आणि विश्वचषकाचे वर्ष बहुतेकांसाठी तोट्याचे असते. त्या शरद ऋतूत घरचे सामने होत नाहीत, तयारीचा खर्च मात्र वाढतो. शिवाय विश्वचषकात जर्सीच्या छातीवर प्रायोजकाचे नाव चालत नाही. २०११ मध्ये न्यूझीलंड रग्बीचे तेव्हाचे मुख्याधिकारी स्टीव्ह ट्यू यांनी उघडपणे सांगितले होते, की हे गणित बदलले नाही तर आपला संघ २०१५ च्या विश्वचषकाला न जाण्याचाही विचार करू शकतो. यजमान म्हणून २०११ चा चषक जिंकत असतानाच ही तक्रार चालू होती.

२०२३-२४ या वर्षात इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियनला ३ कोटी ७९ लाख पौंडांचा कामकाजातला तोटा झाला. तोवरचा सगळ्यात मोठा. एवढेच वाचले तर युनियन बुडाली असे वाटेल. त्या वर्षी विश्वचषकामुळे ट्विकनहॅमवर नोव्हेंबरचे सामने नव्हते, हे त्याला जोडून वाचायला हवे. म्हणून चार वर्षांची बेरीज एका ओळीत मांडा. त्याखाली प्रत्येक वर्षीचे घरचे सामने लिहा. तिसऱ्या ओळीत राखीव निधी वर्षागणिक किती घटला ते लिहा. घरच्या सामन्यांची संख्या तीच असूनही राखीव निधी घटत असेल तर आजार खरा आहे. संख्या कमी झाल्यामुळे तोटा असेल, तर तो चक्राचा भाग आहे.

कामकाजातला तोटा आणि हिस्सा विकून आलेली रक्कम अहवालात एकत्र झाली आहे का, हेही बघा. ही रक्कम एकदाच येते. तिच्यावर पगार चालवणे म्हणजे बियाणे खाऊन दिवस काढणे.

हिस्सा विकला जातो तेव्हा करायचे गणित

गेल्या काही वर्षांतला सगळ्यात खोल बदल इथे झाला आहे. गुंतवणूक कंपनी युनियनच्या किंवा स्पर्धेच्या व्यापारी उत्पन्नात कायमचा हिस्सा घेते आणि बदल्यात आज रोख देते. सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियरशिपचे २७ टक्के घेतले, २०२० मध्ये प्रो १४ या बहुदेशीय क्लब लीगचे २८ टक्के, आणि मार्च २०२१ मध्ये सिक्स नेशन्सचे १४.३ टक्के, म्हणजे जवळपास सातवा हिस्सा, ३६ कोटी ५० लाख पौंडांना. ही शेवटची रक्कम पाच वर्षांत विभागून द्यायची होती. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीने २०२२ मध्ये सुरुवातीला २० कोटी न्यूझीलंड डॉलरला ५.७१ टक्के घेतले.

अशी बातमी आली की पहिली पायरी: रक्कम भागिले टक्केवारी. सिक्स नेशन्सची ३६.५ कोटी भागिले ०.१४३, म्हणजे सुमारे २५५ कोटी पौंड इतकी किंमत धरली गेली. न्यूझीलंडची २० कोटी भागिले ०.०५७१, म्हणजे सुमारे ३५० कोटी न्यूझीलंड डॉलर. दक्षिण आफ्रिकेला एका अमेरिकी गटाने २० टक्क्यांसाठी ७ कोटी ५० लाख अमेरिकी डॉलर देऊ केले होते. म्हणजे पूर्ण व्यापारी हक्कांची किंमत ३७ कोटी ५० लाख डॉलर. लागोपाठ दोन विश्वचषक जिंकलेल्या संघाची! डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या प्रांतिक युनियननी तो प्रस्ताव फेटाळला. आमच्या मते तो निर्णय बरोबर होता, आणि कारण या एका भागाकारात आहे.

दुसरी पायरी: आज मिळालेली रक्कम किती वर्षांत परत गेलेली असेल? समजा वाटपयोग्य उत्पन्न वर्षाला १० कोटी आहे आणि १४.३ टक्के हिस्सा ३६.५ कोटींना विकला. मग दरवर्षी १.४३ कोटी बाहेर जातात. उत्पन्न वाढलेच नाही तर २५ वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. दरवर्षी ५ टक्के वाढले तर साधारण १७ वर्षे, १० टक्के वाढले तर सव्वातेराच्या आसपास. (आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी आहेत.) म्हणजे गुंतवणूकदाराच्या मदतीने उत्पन्न जितके जोरात वाढेल, तितका विकलेला हिस्सा महाग पडतो. रक्कम हप्त्यांनी येत असेल तर आजची किंमत आणखी कमी धरा.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच बातम्यांतून गळते: पैसा कुठे गेला? मैदान बांधणे, कर्ज फेडणे, राखीव निधी, मुलामुलींच्या रग्बीचा पाया यांवर खर्च झाला तर काहीतरी उरते. पगारात गेला तर काही वर्षांत तिजोरी पुन्हा रिकामी होते आणि हिस्सा मात्र गेलेला असतो. प्रीमियरशिपला हिस्सा विक्रीतून २० कोटी पौंडांहून जास्त मिळाले होते. तरी २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, आणि २०२३ मध्ये लंडन आयरिश हे क्लब कोसळले आणि १३ संघांची स्पर्धा १० वर आली. कोरोनाकाळातली बंद मैदाने आणि मालकांची कर्जे ही कारणे होतीच. पण त्यांतून वाचवणारा राखीव निधी विक्रीच्या पैशातून उभा राहिला नव्हता, हे नाकारता येत नाही.

वाटाघाटीत खेळाडूंचा आवाज किती मोलाचा असतो, ते न्यूझीलंडमध्ये दिसले. २०२१ चा मूळ प्रस्ताव १२.५ टक्क्यांसाठी ३८ कोटी ७५ लाख न्यूझीलंड डॉलर असा होता. खेळाडूंच्या संघटनेने संमती नाकारली. वर्षभर ताणाताण झाली आणि हिस्सा निम्म्याहून खाली आला. म्हणून अशा कराराची बातमी वाचताना खेळाडूंच्या संघटनेला नकाराचा अधिकार आहे का, ते शोधा. ज्या देशात नाही, तिथे करार लवकर होतो आणि पस्तावा पुढे येतो.

कर्जाचा पर्यायही असतो. ऑस्ट्रेलियाच्या युनियनने २०२३ मध्ये हिस्सा विकण्याचा विचार सोडून ८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची कर्जाची सोय केली, कारण २०२५ चा लायन्स (ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा एकत्रित संघ) दौरा आणि २०२७ चा घरचा विश्वचषक समोर होता. लायन्सच्या दुसऱ्या कसोटीला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ९०,३०७ प्रेक्षक आले. खात्रीची मोठी कमाई जवळ दिसत असेल तर कर्ज बरे: व्याज संपते, हिस्सा कधी संपत नाही.

संघाची यादी क्लबच्या करारांसकट वाचा

फ्रान्सच्या टॉप १४ चे प्रक्षेपण हक्क कनाल प्लसने २०२७ ते २०३२ या पाच हंगामांसाठी ६९ कोटी ६८ लाख युरोंना घेतले आहेत, म्हणजे हंगामाला सुमारे १३ कोटी ९४ लाख. फ्रान्समध्ये पैशाचे पारडे क्लबांकडे झुकते ते यामुळे. २०२५ ची टॉप १४ ची अंतिम लढत २८ जूनला झाली आणि न्यूझीलंडविरुद्धची पहिली कसोटी ५ जुलैला ड्युनेडिनमध्ये होती. एका आठवड्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. फ्रान्सने बरेच प्रमुख खेळाडू विश्रांतीसाठी घरी ठेवले आणि न्यूझीलंडमधून नाराजी उमटली. तिकिटे पूर्ण दराची होती, म्हणून ती नाराजी समजण्यासारखी आहे. पण खेळाडूच्या बाजूने पाहिले तर तो निर्णय योग्यच होता. चूक कॅलेंडरची आहे आणि ते बदलायला क्लबांची संमती लागते.

इंग्लंडने दुसरा मार्ग धरला. २०२४ ते २०३२ या आठ वर्षांत युनियन प्रीमियरशिप क्लबांना वर्षाला ३ कोटी ३० लाख, एकूण २६ कोटी ४० लाख पौंड देणार आहे. बदल्यात जास्तीत जास्त २५ खेळाडूंशी ती थेट वाढीव करार करू शकते आणि त्यांच्या शारीरिक तयारीत अखेरचा शब्द राष्ट्रीय प्रशिक्षकाचा असतो. इंग्लंडची यादी वाचताना या २५ जणांत कोण आहे आणि कोण नुकताच वगळला गेला, ते पाहा. वगळलेला खेळाडू पुढच्या हंगामात फ्रान्समध्ये दिसण्याची शक्यता वाढलेली असते.

परदेशात खेळणाऱ्याला निवडायचे की नाही, यावर प्रत्येक देशाची रीत वेगळी. दक्षिण आफ्रिका बंधन घालत नाही आणि २०१९ व २०२३ चे विश्वचषक तिने तसेच जिंकले. न्यूझीलंड घरी खेळणाऱ्यांनाच घेते, मात्र निवडक खेळाडूंना एखाद्या हंगामापुरते जपानला जाऊन कमावू देते. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये ६० कसोट्या आणि सात वर्षांची सेवा अशी अट ठेवून दार किलकिले केले. वेल्सची ६० कसोट्यांची अट २०२३ मध्ये २५ वर आली. ही अट सैल होणे म्हणजे युनियनला घरच्या पगारात खेळाडू टिकवता येत नाहीत याची कबुली असते. अटीचा आकडा खाली सरकला की त्या देशातल्या क्लबांच्या पगारमर्यादेची बातमी शोधा. बहुतेकदा ती जवळच सापडते.

पात्रतेच्या नियमांत मात्र बाजाराला आळा घालणारा एक चांगला बदल झाला. वास्तव्यावर दुसऱ्या देशाकडून खेळण्यासाठी पूर्वी ३६ महिने पुरत, आता ६० लागतात. आणि १ जानेवारी २०२२ पासून, तीन वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला खेळाडू आपल्या किंवा आई-वडील, आजी-आजोबांच्या जन्मदेशाकडे एकदा जाऊ शकतो. चार्ल्स पियुटाऊ आणि मलाकाई फेकिटोआ न्यूझीलंडनंतर टोंगाकडून खेळले ते यामुळे.

आर ३६० या प्रस्तावित बंडखोर लीगच्या बातम्याही याच कसोटीवर तपासा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आठ युनियननी मिळून जाहीर केले, की तिच्यात जाणारा खेळाडू राष्ट्रीय संघासाठी अपात्र ठरेल. त्यानंतर लीगची सुरुवात २०२८ पर्यंत पुढे ढकलली गेली. राष्ट्रीय जर्सी हेच युनियनच्या हातातले शेवटचे हत्यार आहे. ते किती धारदार आहे, हे खेळाडूच्या वयावर ठरते. २२ व्या वर्षी कसोटी गमावणे परवडत नाही, ३१ व्या वर्षी दुप्पट पगार नाकारणे परवडत नाही.

पडद्यावर काय पाहावे

ब्रिटनमध्ये सिक्स नेशन्स २०२९ पर्यंत सर्वांना विनामूल्य दिसणार आहे: दरवर्षी १० सामने आयटीव्हीवर, पाच बीबीसीवर. पैसे भरून पाहायची वाहिनी हक्कांना जास्त रक्कम देऊ शकते, पण प्रेक्षक घटतात आणि जर्सीवरच्या जागेची किंमत खाली येते. तेव्हा कुठल्याही प्रक्षेपण कराराची रक्कम एकटी वाचू नका. पुढच्या प्रायोजकाची रक्कम तिच्या शेजारी ठेवा. विनामूल्य प्रक्षेपणाचीही किंमत असते. २०२६ मध्ये आयटीव्हीने स्क्रम लागण्याआधीच्या थांब्यात पडदा विभागून जाहिराती दाखवायला सुरुवात केली.

नियमांतल्या बदलांमागेही प्रेक्षक टिकवण्याची घाई आहे. पेनल्टी किकसाठी ६० सेकंद, कन्व्हर्जनसाठी (ट्रायनंतरच्या जादा गुणांच्या किकसाठी) आधी ९० आणि मग ६०. सरसकट लाल कार्डाऐवजी २० मिनिटांनी बदली खेळाडू येऊ देण्याचा प्रयोग. वेळेच्या मर्यादेला आमचा पाठिंबा आहे. लाल कार्डाच्या प्रयोगाबद्दल तसे म्हणवत नाही. मेंदूला झालेल्या इजांसाठी माजी खेळाडू वर्ल्ड रग्बी आणि युनियनविरुद्ध न्यायालयात गेलेले असताना, डोक्यावरच्या धोकादायक टॅकलची शिक्षा सामना रंगतदार राहावा म्हणून सौम्य करणे पटत नाही.

नव्या नेशन्स चॅम्पियनशिपची तपासणी

नेशन्स चॅम्पियनशिप म्हणजे जुलै आणि नोव्हेंबरच्या कसोट्या जोडून केलेली स्पर्धा. ती काढण्याचा पहिला प्रयत्न २०१९ मध्ये फसला. एका क्रीडा विपणन कंपनीची मोठी हमी होती, पण तळाचा संघ खाली जाण्याची अट काही सिक्स नेशन्स युनियनना मान्य नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅरिसला नवा आराखडा मंजूर झाला आणि २०२६ हे स्पर्धेचे पहिले वर्ष. १२ संघ: सिक्स नेशन्सचे सहा, दक्षिणेचे चार, आणि फिजी व जपान. जुलैत तीन आणि नोव्हेंबरात तीन फेऱ्या, शेवटी ट्विकनहॅममध्ये शुक्रवार ते रविवार अंतिम सामने. विश्वचषक आणि लायन्स दौऱ्याच्या वर्षी ती होत नाही.

यातला फायदा खरा आहे. पूर्वी जुलै आणि नोव्हेंबरच्या कसोट्या सुट्या विकल्या जात. आता त्यांना गुणतक्ता आहे आणि एकत्रित हक्कांना चांगला भाव येतो. फ्रान्सला जुलैत दुय्यम संघ पाठवणेही महाग पडू शकते.

तोटा दाराशी आहे. जपान आत आला तो मैदानावरच्या निकालांइतकाच बाजारपेठेच्या जोरावर. जॉर्जिया बाहेर राहिला, ज्याने २०२२ मध्ये बातुमीत इटलीला २८–१९ आणि कार्डिफमध्ये वेल्सला १३–१२ हरवले होते. २०२३ च्या विश्वचषकात फिजीला २४–२३ हरवणारा पोर्तुगालही बाहेर. त्यांच्यासाठी १२ संघांची वेगळी दुसरी स्पर्धा आहे, आणि वर-खाली जाण्याची सोय २०३० पासून.

तोवर दर हंगामात तीन नोंदी ठेवा. पहिल्या १२ संघांपैकी किती जण दुसऱ्या गटातल्या देशांशी खेळले. त्यांपैकी किती सामने त्या देशांच्या भूमीवर झाले. आणि वरच्या गटाच्या प्रक्षेपण उत्पन्नातला किती वाटा खाली पोचला. पहिल्या दोन नोंदी कॅलेंडर उघडून पाच मिनिटांत होतात. तिसरीसाठी वार्षिक अहवाल चाळावे लागतात. २०३० चे नियम जाहीर होतील तेव्हा कलम शोधायचे ते एकच: खाली गेलेल्या युनियनचा उत्पन्नातला वाटा तसाच राहतो की वर आलेल्याला मिळतो. वाटा हलणार नसेल, तर वर आलेला जॉर्जिया त्याच जुन्या तिजोरीवर इंग्लंडशी खेळेल.